अंगणात फरशी घालण्याबाबत

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण गेल्या वर्षभरात तुझ्या अंगणात जेव्हा जेव्हा जमिनीला अंग टेकवलं तेव्हा तेव्हा काही ना काही चावलं किंवा टोचलं. म्हणून उभ्यानेच, दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढतेस की ताईने अजून बंदी घातली आहे? (तुझी लेक आमच्या सगळ्यांत धाकटी, पण हुकूम सोडण्यात थोरली, म्हणून तिला ताई म्हणायची सवय लागली ती लागलीच.) इकडे सगळं ठीक. तुझी भाचेसून ठणठणीत आहे आणि माझ्यावर नाराज आहे, म्हणजे तिचीही तब्येत नेहमीसारखीच आहे. माझं म्हणशील तर वजन उतरलंय, डावा कान मध्यंतरी सुजून बरा झाला (माशी, पुढे सांगतो), आणि पायमोज्यांतून आघाड्याची कुसळं वेचून वेचून नजर मात्र तीक्ष्ण झाली आहे.

पत्र लिहिण्याचं कारण एकच. मला अंगणात फरशी घालायची आहे आणि घर तुझं असल्यामुळे तुझा होकार हवा. फरशीवाला सोमवारी येतो आहे. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी 'आत्या, ते अंगण' एवढं म्हणेपर्यंत तू 'काही करू नकोस' म्हणतेस आणि फोन ताईकडे देतेस. कागदावर माणसाला मधेच तोडता येत नाही, म्हणून हा कागद.

तू उन्हाळ्याच्या तोंडावर ताईकडे गेलीस, घर मला वापरायला दिलंस, पुढच्या खोलीत सलून थाटू दिलंस, हे उपकार मी विसरणार नाही. अट एकच घातलीस: दारापासून फाटकापर्यंत जे उगवेल त्याला हात लावायचा नाही. मला वाटलं, याहून सोपी अट कुठली! लोक काही तरी करण्याच्या बोलीवर घर देतात, आत्याने काहीच न करण्याच्या बोलीवर दिलं. पण आत्या, काही न करणं हे इतकं कष्टाचं काम असेल याची मला कल्पना नव्हती. मी कापण्याच्या धंद्यातला माणूस. कानाच्या वर एक केस वाकडा राहिला तर मला घास जात नाही. आणि माझ्याच दुकानासमोर हे रान कमरेएवढं वाढून उभं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक खुर्चीत बसण्याआधी बाहेर बघतं, मग माझ्याकडे बघतं आणि म्हणतं, "आधी बाहेरची कटिंग उरका, मी थांबतो." हा विनोद वर्षभर रोज ऐकतो आहे. प्रत्येकाला वाटतं, तो आपल्यालाच सुचला. मलाही प्रत्येक वेळी नव्याने हसावं लागतं, कारण हातात वस्तरा असताना माणसाने हसतमुख असावं.

समोरच्या सलूनवाल्याची गोष्ट तुला माहीत नसेल. तू गेल्यावर त्याने दुकानापुढे चकचकीत फरशी घातली. आता तिथे दुचाक्या ओळीने उभ्या राहतात. माझ्याकडे गाडी लावायची तर ती तेरड्यात घालावी लागते, आणि घातली तर तुझी भाचेसून आतून ओरडते. मग गिऱ्हाईक समोर वळतं आणि एकदा वळलं की परत येत नाही. हे असंच चाललं तर मला हे दुकान मिटवून त्याच्याच दुकानात दुसऱ्या खुर्चीमागे उभं राहावं लागेल, आणि तो मला 'जरा हात चालव' म्हणेल. ही थट्टा नाही. तेव्हा होकार देण्याआधी वर्षभर काय काय झालं ते नीट वाच.

उन्हाळा आठव. सगळीकडे करपून गेलेलं आणि फाटकाजवळची तुझी रुई मात्र जांभळ्या फुलांनी डवरलेली. तिच्यावर ते काळे, निळसर पंखांचे, अंगठ्याएवढे भुंगे. फुलांवर फिरले असते तर माझी हरकत नव्हती. पण भुंग्याला पोट भरलं की घर बांधावंसं वाटतं, आणि घर बांधायला त्याला लाकूड लागतं, आणि लाकूड म्हणजे माझा बाक. गिऱ्हाइकांनी थांबायचा तोच. भुंग्याने बाकाच्या पाठीला खालून इतकं गोल भोक पाडलं की कुठल्या सुताराने गिरमिट लावूनही पाडलं नसतं. दिवसभर भुसा गळायचा. थांबलेल्या गिऱ्हाइकाच्या मानेवर भुसा पडला की त्याला वाटायचं, आपली कटिंग झाली आणि आपल्याला पावडर लावली. एक जण तर उठून घरी निघाला होता. मी त्या भोकात मेण भरायला गेलो, तर भाचेसुनेने मेणबत्तीच काढून घेतली. "आत पिल्लं असतील." भुंग्याची पिल्लं! (मला वाटलं, ती तुझ्याशी फोनवर बोलते ती घरातल्या गोष्टी बोलते. नंतर कळलं, तुम्ही दोघी भुंग्यांबद्दल बोलत होता.)

त्याच सुमारास केसांचं प्रकरण झालं. कापलेले केस पोत्यात भरून फेकू नकोस, घाणेरीच्या जाळीशी टाक, असं तूच सांगितलं होतंस. टाकले. मला वाटलं खत होईल. दुसऱ्या दिवशी बुलबुलांची जोडी आली आणि चोचीत केस धरून, निवडून निवडून नेऊ लागली. त्यांना कुरळे चालत नव्हते. त्यांना हवे होते सरळ, मऊ आणि रोज तेल लावलेले, म्हणजे आपल्या बँकवाल्या साहेबांचे. साहेब निवृत्त झाले तरी केस काळेभोर. 'आमच्या घराण्यातच आहे' असं ते आरशात बघून सांगतात आणि मी 'हो ना' म्हणतो. (कलप मीच लावतो. दुकानाचं दार लावून.) घाणेरीच्या लाल-पिवळ्या फुलांआड, अगदी छातीच्या उंचीवर घरटं तयार झालं, आणि ते बघायला गल्ली लोटली. घरटं आतून साहेबांच्या केसांनी विणलेलं, आणि प्रत्येक केस टोकाला काळा न् बुडाशी पांढराशुभ्र. शेजारच्या काकूंनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, आणि साहेब बाकावर बसलेले असताना म्हणाल्या, "अगं बाई! हे तर साहेबांचं माहेरघर दिसतंय."

साहेब त्या दिवशी उठले आणि समोरच्या सलूनमध्ये गेले. इथवर मी समजू शकतो. पण पुढे ऐक. अंड्यांतून पिल्लं निघाली आणि साहेब रोज सकाळी येऊन माझ्या बाकावर बसायला लागले. दाढी समोर, बैठक इथे! पिल्लांना बुलबुल किती वेळा काय भरवतो हे मला पाणी मागून, पंखा लावायला सांगून, वर ऐकवायचे. "आत्ता अळी आणली. हिरवी होती." मी समोर गिऱ्हाईक नसलेली खुर्ची पुसत उभा. मी एकदा म्हटलं, साहेब, इतके बसताच आहात तर दाढी करून टाकू. तर म्हणाले, "नको, पाठमोरं बसावं लागतं तुझ्याकडे." त्यांचं बघून आणखी चार जण बसू लागले. तेव्हा माझ्या दुकानात गर्दी नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. गर्दी आहे. फक्त ती केस कापायला आलेली नाही.

पावसात तर बाई कहर झाला. केन्याची ती निळी चिमुकली फुलं पायरीच्या भेगांतून वर आली, टाकळा पाहता पाहता गुडघ्याला लागला. एका रविवारी पाऊस उघडला, दुकान बंद होतं, मला राहवलं नाही. मी कंगवा आणि कात्री घेऊन बाहेर गेलो आणि टाकळ्याची डावी बाजू बारीक केली. उजवीकडे वळणार तेवढ्यात तुझा फोन. तुला तिकडे बसून कसं कळलं हे मी भाचेसुनेला विचारलेलं नाही, कारण उत्तर मला माहीत आहे. 'त्यावर पिवळ्या फुलपाखरांनी अंडी घातली असतील, गाढवा' असं तू म्हणालीस. मग उजवी बाजू तशीच राहिली. डावीकडे बारीक, उजवीकडे झुलपं. आठवडाभर कॉलेजची पोरं येऊन 'काका, तसंच मारा' म्हणत होती.

आणि तुझं खरं निघालं, हे मला जास्त लागलं. कापलेल्या काड्यांवरच्या हिरव्या अळ्यांना खायला उरलं नाही, तेव्हा त्या चालत निघाल्या. उजवीकडे हातभर अंतरावर जेवण तयार होतं. पण नाही, काही त्या दुकानात आल्या. टॉवेलवर, कंगव्यांच्या बरणीवर, एका माणसाच्या कॉलरवर. मी एकेकीला कागदावर घेऊन परत टाकळ्यावर सोडत होतो, आणि गिऱ्हाईक अर्ध्या साबणाने वाट बघत होतं. त्यांतली एक माझ्या हातून निसटली आणि तिने आरशाच्या चौकटीला, वरच्या बाजूला, बरोबर मधोमध कोश केला. आता मधोमध म्हणजे जिथे माणसाला आपला चेहरा दिसतो तिथे. 'आरसा पुसायचा नाही, हलवायचा नाही, फवारा उडवायचा नाही,' असा घरातून फतवा निघाला. गिऱ्हाइकं डावीकडे झुकून स्वतःला बघायची, त्यामुळे त्या दिवसांत मी कापलेले सगळे केस एका बाजूला उतरते झाले.

एका सकाळी एक तरुण मुलाखतीला जायचं म्हणून घाईने दाढीला बसला. अर्धी दाढी झाली आणि तो कोश उकलला. मी 'हलू नका' म्हणालो. गळ्यावर वस्तरा असताना न्हावी 'हलू नका' म्हणाला की माणूस कसा बसेल हे तूच ठरव. त्याने श्वासही धरला. साहेब बाकावरून उठून दारात आले, काकू खिडकीत आल्या, भाचेसून हातातलं पीठ न पुसता आली. ते फुलपाखरू ओलं, चुरगळलेलं, आणि पंख वाळेपर्यंत जागचं हलायला तयार नाही. पंखा बंद करायला लावला. आम्ही सगळे घामाघूम. शेवटी ते पिवळंधमक उडालं आणि त्या तरुणाने विचारलं, "माझं काही कापलं का?" तो मुलाखतीला उशिराच पोचला. उशीर का झाला ते त्याने तिथे खरं सांगितलं म्हणे, आणि त्याला नोकरी मिळाली. सगळे म्हणतात, केवढी चांगली गोष्ट. मी म्हणतो, नोकरी परगावी मिळाली. म्हणजे आणखी एक गिऱ्हाईक गेलं.

पाऊस सरल्यावर कुर्डू उठला. गुलाबी-पांढरे तुरे, माझ्या डोक्याच्या वर. दुकानाची पाटी दिसेनाशी झाली. एक गृहस्थ फाटकात उभं राहून मलाच विचारत होते, "इथे कुठे सलून आहे का हो?" मी कुर्डू बाजूला सारून पाटी दाखवली, तर तेवढ्यात त्यांना समोरचं दुकान दिसलं. तुऱ्यांवर मधमाश्या, तेरड्याच्या गुलाबी फुलांत डोकं घालून बसणाऱ्या त्या निळ्या पट्ट्यांच्या गुबगुबीत माश्या (त्यांच्यापैकीच एक माझ्या कानाची), आणि सोनकीच्या पिवळ्या फुलांवर पिवळाच कोळी, जो फुलासारखा दिसतो आणि बसलेल्या माशीला गपकन धरतो. दाढीनंतर लावायचं वासाचं पाणी मला बंद करावं लागलं. ते लावून गिऱ्हाईक बाहेर पडलं की अर्ध्या अंगणातून माश्या त्याला निरोप द्यायला यायच्या. आता मी नुसतं थंड पाणी लावतो. सलूनमधून बिनवासाचा परतणारा माणूस बघून बायका घरी विचारतात, नक्की कुठे गेला होतात?

दारात रोज सकाळी एक कोळीण जाळं विणायची. चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मोडायचं नाही असं मी ठरवलं नव्हतं. फक्त मी मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून दुकानात जायला लागलो. मग गिऱ्हाइकंही स्वयंपाकघरातून यायला लागली. मग भाचेसून म्हणाली, एक तर जाळं तोड, नाही तर माझ्या ओट्यापाशी दाढी कर. आम्ही जाळं काठीने एका बाजूला सरकवलं. (एक धागा तुटला. तिने दुसऱ्या दिवशी बांधून घेतला. मी बघितलं.)

आणि आता हा हिवाळा. आता तर तुझ्याही बाजूने बोलायला काही नाही. सगळं वाळलं. कुर्ड्याचे तुरे भुरे पडले, टाकळ्याच्या शेंगा खुळखुळतात, काड्या काड्या उभ्या. काल काकू फाटकातून म्हणाल्या, "दुकान बंद पडलं का रे?" मी आत दाढी करत होतो. फुलं होती तोवर निदान फुलं आहेत असं सांगता येत होतं. आता काय सांगू? गिऱ्हाइकांना मी सांगतो की पोकळ काड्यांमध्ये काहीबाही झोपलेलं असतं, बी पडायचं राहिलंय, मुनियांचा थवा येतो, त्या एवढ्याशा पाखरांच्या वजनाने तुरा वाकतो आणि दाणा टिपून झाला की परत सरळ होतो, पण तुरा कापला तर त्यांनी बसायचं कुठे. लोक ऐकून घेतात. मग समोर जातात. मला सांग, हे सगळं बोलायला मी शिकलो कधी? मला हे बोलायचं नव्हतं. मला हवामान आणि क्रिकेटवर बोलायचं होतं, सगळे सलूनवाले बोलतात तसं.

तेव्हा आत्या, पुरे झालं. फरशी घालू दे. रस्त्यावर सगळ्यांना मी सांगून ठेवलं आहे की आत्याचा होकार आला की सोमवारी काम सुरू. समोरच्या सलूनवाल्यालाही छाती पुढे काढून सांगितलं. आता मागे फिरलो तर रस्त्यावर तोंड दाखवायची सोय नाही. वाटल्यास कडेने एक कुंडी ठेवीन. तिच्यात काय लावायचं ते तू सांग. गुडघ्याला जप, ताईला आशीर्वाद, आणि उत्तर लगेच दे.

तुझा,
वैतागलेला भाचा

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच फरशीवाला वाळू टाकून गेला. काम सोमवारी, पण वाळू आधीच, कारण त्याच्याकडे ट्रक आज मोकळा होता. फाटकाआत उन्हाच्या बाजूला ढीग घातला. दुपारपर्यंत त्या ढिगाला बारीक बारीक भोकं पडली आहेत आणि एकेकट्या राहणाऱ्या कसल्याशा करड्या माश्या आत-बाहेर करताहेत. एकीच्या पायांना पिवळे परागही होते; आपल्या एकदांडीचे असावेत, सध्या दुसरं काही फुललेलं नाही. मी त्यांना पाहिलेलं नाही असं ठरवलं आहे. भाचेसुनेने पाहिलं आहे. ढिगावर फावडं मारायचं असेल तर आधी माझ्याशी बोला, असा तिने फरशीवाल्याला निरोप धाडला आहे.

ता. क. आणखी एक. समोरचा सलूनवाला आत्ता येऊन गेला. मला वाटलं खिजवायला आला. तर बाकावर बसला आणि म्हणाला, "फरशी घालू नका राव." मी म्हटलं, का, माझी गिऱ्हाइकं परत येतील म्हणून? तो म्हणाला, "तसं नाही. माझ्याकडे नंबर लावून लोक इथे येऊन बसतात. तुम्ही हे काढलं तर मी त्यांना बसवू कुठे? माझ्याकडे उन्हाने फरशी तापते." तो जाताना मुनिया मोजत गेला.

ता. क. शेवटचा, आणि हा भाचेसुनेला दाखवलेला नाही. गेल्या रविवारी फोनवर मी सवयीने 'आत्या, ते अंगण' म्हणालो आणि तू म्हणालीस, "घाल बाबा फरशी. मी आता परत येते की नाही कोण जाणे. तुझा धंदा चालला पाहिजे." आणि फोन ताईकडे दिलास. मी घरात कुणाला सांगितलं नाही. तुझा होकार अजून यायचा आहे असंच सगळ्यांना वाटतं, आणि वरचं सगळं पत्र मी त्याच समजुतीने लिहिल्यासारखं लिहिलं. अगं, फरशीचं मी रस्ताभर बोलत सुटलो ते कुणाच्या भरवशावर? तू 'नाही' म्हणशील या भरवशावर! वर्षभर मला पानाला हात लावू दिला नाहीस, आणि ऐन वेळी एका दमात 'घाल' म्हणून मोकळी झालीस. असं कुणी करतं का? परत येण्या-न येण्याचं तू मनाशी काय ठरवलं आहेस त्यावर आपण वेगळं भांडू. सध्या वरचं पत्र पुन्हा एकदा वाच. कात्रीचा भाग सावकाश वाच. तुला संताप यावा अशाच बेताने लिहिलं आहे. मग सोमवारी सकाळी, फरशीवाला दारात आला की फोन कर. मी स्पीकर चालू ठेवतो. साहेब असतील, काकू असतील, समोरचाही येईल. तू फक्त जोरात 'नाही' म्हण. मी चिडेन, वाद घालेन, धंदा बुडाला म्हणून गळा काढेन. अजिबात ऐकू नकोस.